बरें होणें म्हणजे किती बरें होणें?

घरांतील माणूस मोठ्या दुखण्यांतून उठलें म्हणजे त्याची प्रकृति अजमावण्याचीं आपल्या घरांतील मापें ठरलेलीं असतात. अन्न गोड लागतें कीं नाहीं, रात्रीं झोंप येते कीं नाहीं, आणि कोणाच्या आधारावांचून चार पावलें टाकतां येतात कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मनासारखीं मिळालीं कीं आजीबाई देवापुढें साखर ठेवतात, समाचारास येणारीं माणसें येईनाशीं होतात, आणि दुखणेकऱ्याचें नांव पुन्हां घरच्या कामकऱ्यांत दाखल होतें. विषमज्वर, कांवीळ, मोडलेलें हाड, अशा दुखण्यांस हीं मापें पुरेशीं आहेत. त्यांना हसण्याचें कारण नाहीं, कारण पिढ्यान् पिढ्या तीं उपयोगी पडत आलीं आहेत.

परंतु कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, तीं जातांना देह एकरकमी परत करतात आणि मन मात्र हप्त्याहप्त्यानें. अशा दुखण्यांत या घरगुती मापांचा उपयोग तर होत नाहींच, उलट त्यांच्यामुळें बऱ्या होत असलेल्या माणसावर अन्याय होतो. त्यांपैकीं एका दुखण्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. शास्त्रांत त्यास 'अँटी-एन.एम.डी.ए. रिसेप्टर एन्सेफलायटिस' म्हणतात. नांव लांबलचक आहे. अर्थ इतकाच कीं, जंतूंपासून शरीराचें रक्षण करण्यासाठीं रक्तांत जीं प्रतिपिंडें तयार होतात तींच चुकून आपल्या मेंदूवर चालून जातात. कुंपणानें शेत खावें, तशांतला हा प्रकार आहे.

रोग दुर्मिळ आहे. दहा लाखांच्या वस्तींत वर्षाकाठीं एक-दोन नवे रोगी, असा साधारण अंदाज आहे. मग जें दुखणें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं कधींच येणार नाहीं त्याविषयीं एवढें लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. तें दुखणें बहुधा घरांतील तरुण मुलींना, सुनांना आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांना होतें, आणि वेळीं ओळखलें तर त्यावर इलाज आहे, हें एक प्रयोजन झालें. परंतु आमच्या मतें याहूनही मोठें प्रयोजन निराळेंच आहे. रोगी 'बरा' म्हणून घरीं आल्यानंतर जें सुरू होतें तें रुग्णालयांतील लढाईपेक्षां पुष्कळ लांब चालतें, आणि तेथें पलंगाशीं वैद्य उभा नसतो. तेथें निकाल देणारे आपण घरचे असतों.

या रोगाची ओळख पटली त्यास अजून पंचवीस वर्षेंही झालीं नाहींत. इ.स. २००५ मध्यें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील डॉ. जोसेप डाल्माऊ व त्यांचे सहकारी यांनीं चार स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. मनाचा तोल एकाएकीं सुटणें, श्वासोच्छ्वास मंदावणें, आणि बीजकोशांत टेराटोमा नांवाची गांठ असणें, असा तो विचित्र संयोग होता. दोन वर्षांनीं, २००७ मध्यें, याच मंडळींनीं अशा बारा स्त्रियांच्या तपासणीवरून प्रतिपिंडें मेंदूंतील नेमक्या कोणत्या जागीं जाऊन चिकटतात तें शोधून काढलें, आणि रोगास नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं शंभर रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्यांत ९१ स्त्रिया होत्या. २०१३ सालीं ५७७ रोग्यांची पाहणी छापून आली, तींतही पांचांत चार स्त्रियाच होत्या. निम्मे रोगी एकवीस वर्षांच्या आंतबाहेरचे किंवा त्याहून लहान, आणि एक तृतीयांशाहून अधिक तर अठरा वर्षांखालचे. कॅलिफोर्नियांतील एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं, तीस वर्षांखालील माणसांत मेंदूस सूज येण्याचीं जीं निदानें झालीं त्यांत कोणत्याही एका विषाणूपेक्षां या रोगाचेंच प्रमाण अधिक होतें. म्हणजे रोग नवा नव्हे, ओळख नवी. पूर्वीं अशा किती मुली वेड्यांच्या इस्पितळांत आयुष्य कंठून गेल्या असतील, त्याचा हिशेब आतां कोण लावणार?

सुरवात अगदीं साधी असते. चार दिवस डोकें दुखतें, अंगांत कसकस येते. मग झोंप उडते. शांत स्वभावाची मुलगी रात्रभर बडबडूं लागते, घरच्यांविषयीं संशय घेते, कारणावांचून हसते नि रडते, जें घडलेंच नाहीं तें घडलें म्हणून सांगते. पुढें कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत झटके येतात. बोलणें कमी कमी होत बंद पडतें. ओठ, जीभ व जबडा आपोआप चघळल्यासारखे हालूं लागतात. हात हवेंत कांहींतरी ओढल्यासारखे करतात. शेवटीं नाडी व रक्तदाब यांचा ठाव राहत नाहीं, आणि कित्येकांना श्वासासाठीं यंत्र लावावें लागतें.

अशा मुलीस एके काळीं 'बाहेरची बाधा' झाली म्हणत, आणि अंगारे-धुपारे सुरू होत. आतां सुशिक्षित घरांत तसें कोणी करीत नाहीं म्हणून आपण समाधान मानतों. परंतु सुशिक्षित घरांतही चुकण्याची सोय आहे, ती फक्त अधिक सभ्य असते. परीक्षेचा ताण आला, नोकरींत वरिष्ठांनीं छळलें, सासरीं रुळली नाहीं, मनाला फार लावून घेतलें, असें एखादें बुद्धीला पटणारें कारण आपण शोधून काढतों आणि त्यावर स्वस्थ बसतों. मानसोपचार करणाऱ्या वैद्याकडे प्रथम जाणें यांत गैर कांहींच नाहीं. रोगी बहुधा प्रथम तिकडेच जातात. पण पूर्वीं धडधाकट असलेलें तरुण माणूस महिन्यांत नव्हे, दिवसांत पालटलें, त्या आधीं ताप किंवा डोकेदुखी होऊन गेली, आणि जोडीला झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा बोलणें आटणें यांपैकीं कांहीं दिसलें, तर मेंदूच्या तज्ज्ञास त्याच दिवशीं दाखवावें, एवढें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पाठीच्या मण्यांतून काढलेल्या पाण्यांत हीं प्रतिपिंडें सांपडलीं म्हणजे निदान पक्कें होतें. रक्ताची तपासणी कधीं कधीं फसवते. आपल्या देशांतही आतां मोठ्या शहरांत ही तपासणी होते, आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंतील वैद्यांनीं येथील रोग्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं आहेत.

नेहमींच्या तपासण्या कशा हुलकावणी देतात याचें एक उदाहरण जगभर गाजलें आहे. सुझॅना कॅहॅलन ही न्यूयॉर्क पोस्ट या दैनिकांत काम करणारी चोवीस वर्षांची बातमीदार २००९ सालीं अशीच भ्रमिष्ट झाली. तपासण्यांमागून तपासण्या निर्दोष येत होत्या. शेवटीं डॉ. सुहेल नज्जार यांनीं तिच्यापुढें कागद ठेवून घड्याळाची तबकडी काढावयास सांगितलें. तिनें वर्तुळ काढलें आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आंकडे उजव्या अर्धांत दाटीवाटीनें बसविले. डावा अर्धा कोराच राहिला. मेंदूची उजवी बाजू सुजली असली पाहिजे हा तर्क त्यांनीं त्यावरून केला, आणि तो खरा ठरला. लाखों रुपये किंमतीच्या यंत्रांस जें दिसलें नाहीं तें एका पेन्सिलीनें दाखविलें.

आतां हा रोग मेंदूंत करतो काय, तें थोडक्यांत पाहूं. कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. मेंदूंतील एक पेशी दुसरीस निरोप धाडते तो ग्लूटामेट नांवाच्या द्रव्याच्या द्वारें. तो निरोप घेणारीं जीं दारें पेशीच्या अंगावर असतात त्यांतील एका जातीस 'एन.एम.डी.ए. ग्राहक' म्हणतात. या दाराची खुबी अशी कीं, नुसता निरोप आल्यानें तें उघडत नाहीं. निरोप आला त्याच क्षणीं ती पेशी दुसऱ्या कारणानें जागी झालेली असली तरच उघडतें. दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या, ही नोंद त्यामुळें होते, आणि अशा नोंदींनाच आपण शिकणें व आठवणें म्हणतों. आठवणी जेथें प्रथम नोंदल्या जातात त्या हिप्पोकॅम्पस नांवाच्या, समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागांत हीं दारें विशेष दाट असतात. प्रतिपिंडें येऊन या ग्राहकांस जोडीजोडीनें बांधतात, आणि बांधलेले ग्राहक पेशीच्या पोटांत ओढले जातात. भूल देण्यासाठीं वापरण्यांत येणारें केटामिन हेंच दार बंद करतें, आणि त्याच्या अंमलाखालीं शहाण्या माणसासही स्वप्नवत् भास होतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या रोगांतील भ्रमाचें आश्चर्य वाटत नाहीं.

यांत एक फार दिलाशाची गोष्ट आहे. पेशी मरत नाहीं. दार आंत ओढलेलें असतें, मोडलेलें नसतें. प्रतिपिंडें दूर झालीं कीं ग्राहक पुन्हां पृष्ठभागावर येतात, हें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. यंत्राच्या आधारानें कित्येक आठवडे पडून राहिलेलें माणूस पुन्हां उठून बोलूं लागतें तें यामुळेंच.

प्रतिपिंडांची ही चूक होते कशी? कित्येक तरुण स्त्रियांत त्याचें मूळ बीजकोशांतील त्या टेराटोमा गांठींत असतें. या चमत्कारिक गांठींत केंस, दांत आणि कधीं मज्जेचा अंशही वाढतो. त्या परक्या जागच्या मज्जेस शत्रु समजून शरीर शस्त्र परजतें, आणि तेंच शस्त्र खऱ्या मेंदूवर चालतें. कांहींना नागिणीच्या कुळांतील हर्पीस सिंप्लेक्स विषाणूनें मेंदूस सूज येऊन गेल्यानंतर कांहीं आठवड्यांनीं हा रोग जडतो. पुष्कळांत मात्र कारण सांपडतच नाहीं. माणसांपुरताच हा रोग मर्यादित आहे असेंही नाहीं. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयांतील क्नूट नांवाचें लाडकें पांढरें अस्वल २०११ सालीं लोकांच्या डोळ्यांदेखत झटका येऊन पाण्यांत पडलें व मेलें. त्यास हाच रोग होता असें चार वर्षांनीं सिद्ध झालें.

उपचारांचा पाल्हाळ येथें लावीत नाहीं. स्टेरॉइड, शिरेंतून प्रतिपिंडयुक्त रक्तघटक देणें, किंवा रक्तद्रव बदलणें, हे पहिले उपाय. गांठ असल्यास ती काढून टाकणें अत्यावश्यक. एवढ्यानें न भागल्यास रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड. लवकर सुरवात केली तर फळ चांगलें, यावर सर्वांचें एकमत आहे. तरीही रुग्णालयांत तीन-चार महिने जाणें नवलाचें नाहीं, आणि थोडे रोगी दगावतातही. त्या ५७७ पैकीं तीस दगावले.

येथपर्यंतची हकीकत वैद्यांची झाली. आमच्या मुख्य विषयास यापुढें सुरवात होते.

त्याच २०१३ च्या पाहणींत दोन वर्षांनंतर शंभरांत ८१ रोग्यांची स्थिति 'चांगली' असल्याचें नमूद आहे. हा आंकडा खरा आहे आणि आनंदाचा आहे. पण 'चांगली' हें कोणत्या मापानें ठरविलें? ग्लासगोच्या डॉ. जॉन रँकिन यांनीं १९५७ सालीं पक्षाघाताच्या रोग्यांसाठीं एक मापपट्टी केली होती. तिचीच सुधारलेली आवृत्ति येथें वापरतात. शून्य म्हणजे कसलीच तक्रार नाहीं, सहा म्हणजे मृत्यु. शून्यापासून दोनपर्यंत आला तो 'चांगला'. आणि दोन म्हणजे काय? पूर्वींचीं सगळीं कामें करतां येत नाहींत, परंतु स्वतःचें स्वतः पाहतां येतें. थोडक्यांत, आमच्या आजीबाईंच्या तीन प्रश्नांचीच ही विलायती भावंड आहे. लकवा झालेल्या वृद्धास ती शोभते. एकवीस वर्षांच्या मुलीस, जिला परीक्षा द्यावयाची आहे, नोकरी करावयाची आहे, संसार मांडावयाचा आहे, तिला 'स्वतःचें स्वतः पाहतां येतें' एवढ्यावर बरी म्हणावें काय?

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांतील संशोधकांनीं नेमका हा प्रश्न हातीं घेतला. त्यांनीं बऱ्या झालेल्या रोग्यांस बसवून स्मृति, अवधान आणि कामाची आखणी करण्याची शक्ति यांच्या बारीक चाचण्या घेतल्या. २०१३ सालीं त्यांनीं चोवीस रोग्यांविषयीं लिहिलें. बहुतेकांच्या नेहमींच्या एम.आर.आय. चित्रांत दोष नव्हता. परंतु विशेष रीतीनें पाहतां हिप्पोकॅम्पसचा मेंदूच्या इतर भागांशीं चालणारा संवाद क्षीण झालेला आढळला, आणि तो जितका क्षीण तितकी स्मृति दुबळी. पुढें २०२१ मध्यें त्यांनीं त्रेचाळीस रोग्यांची अधिक लांबची हकीकत दिली. दुखण्यानंतर सुमारें सव्वादोन वर्षांनीं आणि पुन्हां सुमारें पांच वर्षांनीं त्यांस तपासलें होतें. रँकिनच्या पट्टीवर त्यांतील बहुतेक 'चांगले' होते. तरी पांच वर्षांच्या सुमारासही जवळजवळ दोन तृतीयांश रोग्यांच्या बुद्धिव्यापारांत मध्यम किंवा भारी उणीव उरली होती. मात्र त्याच पाहणींत दुसरें एक दिसलें, तें तितकेंच महत्त्वाचें: सुधारणा थांबलेली नव्हती. पहिल्या तीन वर्षांत ती जलद होती, नंतर मंदावली, पण चालूच होती.

डाल्माऊ यांनीं या रोगांतून वर येण्याचा जो क्रम वर्णिला आहे तो उतरण्याच्या क्रमाचा उलटा आहे. प्रथम श्वास व नाडी ठिकाणावर येतात, मग सांगितलेलें समजूं लागतें, मग वाचा येते. चारचौघांत कसें वागावें याचें भान आणि एकाहून अधिक गोष्टींचा मेळ घालण्याची शक्ति सर्वांच्या मागून येतात. म्हणजे घरांत जिची गरज क्षणोक्षणीं पडते तीच शक्ति सर्वांत शेवटीं परत येते.

ही उणीव प्रत्यक्षांत कशी दिसते? समजा, अशा दुखण्यांतून उठलेली सून सकाळीं स्वयंपाकघरांत आली आहे. सासूबाई सहज म्हणतात, "अगं, तांदूळ धुतलेस कीं कुकर चढव, बाळाचें दूध गार करायला ठेव, आणि वन्संचा फोन आला तर सांग कीं आम्ही चारला निघूं." वाक्य एक, कामें तीन. निरोगी मन हीं तीन कामें हातांत तीन वाट्या धरल्यासारखीं सहज धरतें. या सुनेच्या हातांत एकच वाटी मावते. ती तांदूळ धुते, उत्तम धुते, आणि उभी राहते. दूध तसेंच कढत राहतें. थोरल्या जाऊबाई कांहीं बोलत नाहींत, फक्त दूध उतरवून ठेवतात. आणि त्या न बोलण्यांतच निकाल लागलेला असतो. तीच सून जुन्या गोष्टी मात्र धडाधड सांगते: माहेरच्या वाड्यांतील आंब्याचें झाड, शाळेंतील बाईंचें नांव, लग्नांतल्या पंक्ती. ऐकणारा म्हणतो, "विसरते कुठें? हवें तें बरोबर आठवतें." याचें उत्तर त्या समुद्रघोड्यापाशीं आहे. जुन्या आठवणी केव्हांच पक्क्या होऊन दुसरीकडे गेलेल्या असतात. नवी नोंद करणाऱ्या कारकुनाचीच लेखणी अडखळत असते.

विद्यार्थ्याची अडचण याच जातीची. पूर्वीं एकदां वाचून येणारा धडा तीनदां वाचूनही निसटतो. दोन अंकांची बेरीज येते, पण लांबलचक शाब्दिक उदाहरण वाचतां वाचतां त्याचा आरंभ हरवतो. ऐकण्याचेंही तसेंच आहे. एका माणसाशीं निवांत बोलतांना कांहीं कमी भासत नाहीं. पण सणाच्या दिवशीं ओटीवर पंधरा माणसें एकदम बोलत असलीं, आंत मिक्सर चालू असला, मुलें दंगा करीत असलीं, म्हणजे शब्द नुसता गोंगाट होऊन जातो, आणि ती माडीवर जाऊन बसते. आपण म्हणतों, माणूसघाणी झाली.

थकव्याची गोष्ट तर सर्वांत दुर्लक्षिलेली आहे. नेदरलंड्समध्यें या रोगांतून उठलेल्या अठ्ठावीस मुलांची पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश मुलें आपल्या पूर्वींच्या इयत्तेच्या दर्जास पुन्हां पोहोंचलीं. तथापि सतत लक्ष ठेवणें व ऐकलेलें पुष्कळ वेळानें आठवणें यांत तीं मागें पडलेलीं दिसलीं, आणि त्यांची शीण आल्याची तक्रार फार होती. मुलांचें आयुष्य कितपत सुखाचें चाललें आहे हेंही त्या वैद्यांनीं विचारलें होतें. सुखाचा संबंध थकव्याशीं जितका निकट आढळला तितका चाचण्यांतील गुणांशीं आढळला नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. गुण कमी पडले याचें दुःख आईबापांना. दुपारीं दोन वाजतां डोकें रिकामें होतें याचें दुःख मुलाला. हा थकवा विसाव्यानें लगेच भरून येणारा श्रमाचा थकवा नव्हे. पूर्वीं आपोआप होणारीं कामें आतां मेंदू हेतुपुरस्सर, एकेक करून पार पाडीत असतो. त्याची मजुरी त्यास मोजावी लागते. रोगाच्या आरंभीं झोंप उडालेली असते, आणि बरें होतांना कित्येकांस उलट अतिशय झोंप व भूक येते. "खायला आणि झोपायला बरी आहे," हा टोमणा त्या वेळीं जितका सहज निघतो तितका शास्त्रदृष्ट्या चुकीचा असतो.

एकत्र कुटुंब अशा रोग्यास लाभदायक कीं हानिकारक, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. आमचें मत असें आहे कीं, त्याहून उत्तम जागा नाहीं आणि त्याहून कठीणही नाहीं. घरीं कोणीतरी सदैव असतें. एकानें औषध पाहावें, दुसऱ्यानें पोरें सांभाळावीं, असा भार वांटला जातो. ज्या घरांत नवराबायको दोघेंच, तेथें हें दुखणें काय हाहाकार करीत असेल तो कल्पनेनेंच जाणावा. पण याच घरांत वीस डोळे दिवसभर मोजमाप करीत असतात. एखादीची चूक एकानें पोटांत घातली तरी दुसऱ्यानें ती पाहिलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत तिची चर्चा होते. रोग्यास स्वतःची उणीव कळत असेल तर तो लपवूं लागतो: हसून वेळ मारून नेतो, 'लक्षांत आहे' म्हणतो, बोलणेंच टाळतो. लपविण्यांत जो शीण होतो तो निराळाच. या रोगानंतर पुष्कळांना उदासपणा व धास्ती घेरते, हें वैद्यांनीं नोंदविलें आहे. त्याचा किती अंश मेंदूंतून येतो आणि किती ओटीवरून, याची वांटणी करणें सोपें नाहीं.

करावयाचें काय, याविषयीं दोन शब्द. रोगी हिंडूंफिरूं लागला कीं त्याच्या बुद्धिव्यापारांची रीतसर चाचणी मेंदूच्या मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी, आणि ती कांहीं काळानें पुन्हां करावी. काय उणें आहे हें कागदावर आलें म्हणजे आळस कीं आजार हा वाद घरांत उरत नाहीं. शाळेस किंवा कचेरीस दाखविण्यासही तो कागद उपयोगी पडतो. शाळेंत प्रथम अर्धा दिवस जावें. परीक्षेस अधिक वेळ मागावा, त्यांत लाज नाहीं. एक वर्ष गेलें तर जाऊं द्यावें. घरीं एका वेळीं एकच काम सांगावें, आणि तें फळ्यावर किंवा वहींत लिहिलेलें असावें. आपल्या घरांत वाण्याची यादी लिहून देतात ती काय वाण्याला अक्कल नसते म्हणून? कठीण काम सकाळीं, गडबडीचा समारंभ थोड्या वेळापुरता, आणि मध्यें उठून जाण्याची मुभा न मागतां. फक्त कामें काढून घेऊन तिला बाहुलीप्रमाणें बसवून ठेवूं नये. तेंही आम्हीं ऐकलें आहे, आणि त्यानें माणूस अधिकच खचतें. एक काम पूर्णपणें तिचें असावें, मग तें बागेचें असो, हिशेबाचें असो कीं धाकट्यांच्या पाढ्यांचें असो, आणि त्यांत चुकलें तरी दुसऱ्यानें हात घालूं नये.

मुलगी अविवाहित असेल तर घरांत जी कुजबुज सुरू होते तिच्याविषयीं स्पष्टच लिहितों. हा रोग आईकडून लेकीकडे जाणारा आनुवंशिक रोग नव्हे. यांतून उठलेल्या स्त्रियांना पुढें निरोगी मुलें झालेलीं आहेत. हा वेडाचा झटका नव्हता. कावीळ जशी यकृताची, तशी ही मेंदूची सूज होती. तेव्हां लपविण्यासारखें यांत कांहीं नाहीं, आणि लपविणें धोक्याचें मात्र आहे. दोन वर्षांच्या आंत सुमारें शंभरांत बारा जणांस रोग पुन्हां उलटल्याचें त्या मोठ्या पाहणींत दिसलें. तो उलटला आणि भोंवतालच्या माणसांना पूर्ववृत्त ठाऊकच नसलें, तर झोंप उडणें व संशय घेणें या पहिल्या खुणा सासरीं कोणत्या नांवानें ओळखल्या जातील, हें सांगावयास नको. बीजकोशांची अधूनमधून तपासणी किती काळ करीत राहावी तें वैद्यास विचारावें, आणि त्या तारखा पंचांगाशेजारीं लिहून ठेवाव्या.

आणखी एक गोष्ट राहिली, जिच्याविषयीं वैद्यकाच्या ग्रंथांत फार मजकूर नसतो. दुखण्याच्या ऐन भरांतील काळ रोग्यास बहुधा आठवतच नाहीं. ज्या दिवसांत नोंद करणारेंच दार बंद होतें त्या दिवसांची नोंद कोठून असणार? घरच्यांस मात्र सगळें आठवतें. भ्रमांत तिनें वडिलांना काय म्हटलें, नवऱ्यावर कोणता आळ घेतला, धाकट्या दिराच्या अंगावर कशी धांवून गेली, हें सर्वांच्या मनांत ताजें असतें, आणि ती समोर निष्पाप चेहऱ्यानें विचारते, "मला काय झालं होतं?" कांहीं घरें हा विषयच काढीत नाहींत. कांहीं घरांत भांडणाच्या भरांत तो नको त्या वेळीं निघतो. विचारील तेव्हां, विचारील तितकें, आणि ज्याच्यावर तिचा अधिक जीव असेल त्यानें सांगावें, असें आम्हांस वाटतें.

कॅहॅलनबाईंनीं तर हा हरवलेला महिना शोधून काढण्याचाच उद्योग आरंभिला. बातमीदाराचा पेशा, त्यांनीं स्वतःच्याच दुखण्याची बातमी मिळवावी तशी ती मिळविली. रुग्णालयाचीं कागदपत्रें वाचलीं, वैद्यांच्या मुलाखती घेतल्या. वडिलांनीं त्या दिवसांत एक रोजनिशी ठेवली होती. आईवडील विभक्त झालेले, पाळीपाळीनें मुलीच्या उशाशीं बसत, आणि एकमेकांस कळविण्यासाठीं एका वहींत लिहून ठेवीत. तीही वही त्यांना मिळाली. या साऱ्यावरून त्यांनीं २०१२ सालीं 'ब्रेन ऑन फायर' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें त्यावर चित्रपटही निघाला. रुग्णालयाच्या खोलींत रोग्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा होता. त्यानें टिपलेलीं चित्रें त्यांनीं बरें झाल्यावर पाहिलीं. पडद्यावर दिसणारी ती घाबरलेली, खंगलेली मुलगी आपणच आहों हें त्यांना कळत होतें. आठवत मात्र त्यांतलें कांहींच नव्हतें.